चौसष्ट घरांचा सुलतान

(द्वितीय वर्ष कला)

बुद्धिबळाचा जन्म भारतात झाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. सहाव्या शतकाच्या सुमारास चतुरंग या नावाने खेळला जाणारा हा खेळ येथून इराणात गेला, इराणातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात पोहोचला. तेथे त्याला निराळे रूप आले. पुढे साहेबाबरोबर तो त्या नव्या रूपात परत आला, तेव्हा मूळ घरच्या मंडळींनाच तो पुन्हा शिकावा लागला. माहेरी आलेली लेक परक्या बोलीत बोलू लागावी, तसाच हा प्रकार झाला.

आज या खेळात भारताचे नाव मोठे आहे. १९८८ साली विश्वनाथन आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश वयाच्या अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला. दिव्याचे वय म्हणजे आपल्या महाविद्यालयातील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे वय! या मुलामुलींचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. परंतु या सर्वांच्या कितीतरी आधी, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, एका खेड्यातला तरुण बोटीने विलायतेला गेला आणि ज्यांच्या नावाने युरोपातील खेळाडूंना धडकी भरत असे, त्यांना त्यांच्याच पटावर हरवून आला. त्याचे नाव मीर सुलतानखान. त्याच्या आयुष्याची कहाणी विजयाची आहे आणि मनाला चुटपुट लावणारीही आहे. आपल्यासारख्या, घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलांनी तर ती मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे.

सुलतानखान यांचा जन्म १९०३ च्या सुमारास पंजाबमधील मिठा टिवाणा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात खुशाब जिल्ह्यात आहे. घरात बुद्धिबळाचे वेड होते. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्याला खेळ शिकवला. आपल्याकडे मूल नऊ वर्षांचे झाले की फार तर गुरे वळायला किंवा दुकानातून मीठ-मिरची आणायला पाठवण्याइतके मोठे झाले असे समजतात. त्या वयात हा मुलगा वडीलधाऱ्यांसमोर मांडी घालून बसू लागला. नवव्या वर्षापासून विशीपर्यंतची सगळी वाढती वर्षे त्याने या पटावर घालवली. सोबतीला छापील पुस्तक नाही, घड्याळ नाही, मांडलेला डाव कागदावर उतरवून ठेवण्याची रीत नाही. समोर बसलेला माणूस हेच पुस्तक. तो कुठे चुकतो, कुठे घाई करतो, जिंकत असताना कसा बेफिकीर होतो आणि हरत असताना कसा गोंधळतो, हे वाचायचे. एकविसाव्या वर्षापर्यंत हा तरुण पंजाबातला सर्वांत बलवान खेळाडू म्हणून ओळखला जाऊ लागला.

तो खेळत होता ते देशी बुद्धिबळ. ते आजच्या खेळाहून वेगळे होते. आमच्या कापड्याकडे दुपारच्या वेळी देवळाच्या ओट्यावर पट मांडून बसणारी काही जुनी माणसे अजून तसेच खेळतात, त्यामुळे हा फरक समजायला मला पुस्तक उघडावे लागले नाही. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्यादे पहिल्या चालीला दोन घरे पुढे जाऊ शकते. देशी खेळात ते एकच घर सरकते. आज शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा आपण हवा तो मोहरा करून घेतो, बहुधा वजीरच. देशी खेळात प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले, तोच मोहरा ते होणार. हत्तीच्या घरात गेले तर हत्ती, घोड्याच्या घरात गेले तर घोडा. आज राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात. देशी खेळात किल्लेकोट नाही. राजाला एकही शह मिळालेला नसेल, तर त्याला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते.

वाचताना हे फरक लहानसे वाटतात, पण त्यांनी खेळाची सारी प्रकृतीच बदलते. प्यादी एकेक घर चालू लागली की दोन्ही सैन्ये समोरासमोर यायला वेळ लागतो. चकमक उशिरा होते. तोवर खेळाडू आपले सैन्य शांतपणे मांडून घेतो. घाई करणाऱ्याला हा खेळ शिक्षा देतो आणि धीर धरणाऱ्याला बक्षीस. उलट युरोपातल्या खेळात पहिल्या दहा-बारा चालींतच ठिणगी पडते. त्यामुळे सुरुवातीच्या चालींचे तेथे मोठे शास्त्रच झाले आहे, त्यावर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले गेले आहेत. सुलतानखान यांच्या खेळातील बळ आणि उणीव या दोन्हींचे मूळ येथे सापडते. डावाच्या सुरुवातीला ते चाचपडत. डावाचा शेवट जवळ येऊ लागला, पटावर मोहरे कमी उरले, की मात्र त्यांच्यासमोर टिकणे भल्याभल्यांना अवघड जाई. कोवळ्या वयात जी सवय लागते ती हाडात मुरते, असे आपले जुने लोक म्हणतात ते खोटे नव्हे.

या तरुणाच्या आयुष्याला वळण देणारे गृहस्थ म्हणजे सर उमर हयात खान टिवाणा. ते पंजाबातले बडे जमीनदार, सैन्यातले मानाचे पद मिळवलेले आणि इंग्रज सरकारच्या दरबारात वजन असलेले होते. बुद्धिबळाचा त्यांना षोक होता. त्यांनी सुलतानखान यांना आपल्या पदरी ठेवून घेतले आणि युरोपीय पद्धतीचा खेळ शिकवण्याची व्यवस्था केली. येथे क्षणभर थांबून विचार करावासा वाटतो. नवव्या वर्षापासून बोटांत बसलेली चाल वीस-बावीस वर्षांच्या तरुणाने विसरायची आणि नवी शिकायची, हे किती कठीण! मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला पहिल्या वर्गात इंग्रजी व्याख्यान ऐकताना जे होते, त्याच जातीचा हा अनुभव असला पाहिजे. डोके तेच असते, बुद्धीही तीच असते, पण पायाखालची जमीन बदललेली असते.

ती जमीन सुलतानखान यांनी लवकरच पायाखाली घेतली. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धेत नऊ डावांपैकी आठ त्यांनी जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. एकही डाव ते हरले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, सर उमर हयात खान त्यांना आपल्याबरोबर लंडनला घेऊन गेले. सर उमर तेथे भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळाचे सभासद होते. ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा साम्राज्यातील कोणाही प्रजाजनाला खुली होती, तेव्हा पारतंत्र्यातला हा खेळाडूही तीत उतरू शकत होता.

पण लंडनमधली सुरुवात मुळीच शुभशकुनी झाली नाही. अनुभव मिळावा म्हणून त्यांच्यासाठी एक लहानशी स्पर्धा भरवण्यात आली. तीत सुलतानखान चक्क शेवटच्या स्थानाचे वाटेकरी ठरले. भारताचा अजिंक्यवीर म्हणून आणलेला माणूस सर्वांत खाली! दुसरा कोणी असता तर खचून गेला असता किंवा हवेला, अन्नाला आणि नशिबाला दोष देत परतला असता. सुलतानखान शिकायला बसले. विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स हे त्या काळचे इंग्लंडचे नामांकित खेळाडू. या दोघांनी स्पर्धेपूर्वी त्यांना शिकवणी दिली, डावाच्या सुरुवातीची पद्धत समजावली. त्यानंतर उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली आणि काही आठवड्यांपूर्वी शेवटी आलेल्या या खेळाडूने ती जिंकली. सारा इंग्लंड चकित झाला. राज्यकर्त्यांच्या देशात जाऊन, त्यांच्याच नियमांनी खेळून, त्यांचेच अजिंक्यपद एका भारतीयाने मिळवले होते. ते वर्ष १९२९ होते हे लक्षात घेतले, म्हणजे या विजयाची चव आणखी कळते. त्याच वर्षाच्या अखेरीस लाहोर येथे राष्ट्रसभेने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला.

अजिंक्यपद मिळवून सुलतानखान मायदेशी आले आणि १९३० मध्ये पुन्हा युरोपात गेले. तेथून पुढची साडेतीन वर्षे म्हणजे त्यांच्या आयुष्यातला ऐन बहराचा काळ. लीज येथील स्पर्धेत ते दुसरे आले. पहिले आले ते टार्टाकोव्हर. त्यानंतर १९३०–३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांची गाठ साक्षात कापाब्लांकाशी पडली.

कापाब्लांका कोण हे थोडक्यात सांगायला हवे. क्यूबा या बेटावर जन्मलेला हा माणूस चार वर्षांचा असताना वडिलांचा खेळ नुसता पाहून बुद्धिबळ शिकला. पुढे तो जगज्जेता झाला. १९१६ ते १९२४ अशी सलग आठ वर्षे तो स्पर्धेत एकही डाव हरला नव्हता. १९२७ साली अलेखाइनने त्याचे जगज्जेतेपद हिरावून घेतले असले तरी त्याला हरवणे ही गोष्ट अजूनही दुर्मिळ होती. हेस्टिंग्जला सुलतानखान पांढरे मोहरे घेऊन त्याच्यासमोर बसले. डाव पासष्ट चाली चालला आणि शेवटी कापाब्लांकाने हार मान्य केली. या डावात कोठे आतषबाजी नाही, वजिराचा बळी देऊन केलेली चमत्कृती नाही. विहिरीचा दगड पहारीने हळूहळू सरकवावा तसा हा विजय आहे. समोरच्याची कोंडी करायची, आणखी थोडी कोंडी करायची आणि त्याला श्वास घ्यायला जागा उरू द्यायची नाही, अशी ही खेळी होती. देशी पटावर वाढलेल्या मुलाचा तो धीर होता. कापाब्लांका पुढे आपल्या लेखनात या प्रतिस्पर्ध्याविषयी आदराने बोलला. देशी नियमांवर वाढलेल्या माणसाने इतक्या थोड्या काळात एवढी मजल मारावी, यासाठी प्रतिभा हाच शब्द त्याला योग्य वाटला. त्या स्पर्धेत ऑयवे पहिले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतानखान तिसरे आले. हे ऑयवे पुढे १९३५ साली जगज्जेते झाले.

१९३१ साली त्यांनी टार्टाकोव्हर यांच्याशी बारा डावांचा सामना खेळला. चार डाव जिंकले, तीन हरले, पाच बरोबरीत सुटले. लीजला जो आपल्या वर होता, त्याला समोरासमोर गाठून असे हरवले. त्याच वर्षी प्राग येथे राष्ट्राराष्ट्रांतील ऑलिंपियाड स्पर्धा झाली. तीत सुलतानखान इंग्लंडकडून पहिल्या पटावर, म्हणजे प्रत्येक देशाच्या सर्वांत बलवान खेळाडूविरुद्ध खेळले. सतरा डावांत आठ विजय, सात बरोबरी आणि अवघे दोन पराभव. हरलेल्यांत यजमान देशाचे लाडके फ्लोर आणि थोर रुबिन्स्टाइन होते. बरोबरीत ज्यांना समाधान मानावे लागले, त्यांत त्या वेळचे जगज्जेते अलेखाइन होते. १९३० च्या हॅम्बर्ग आणि १९३३ च्या फोकस्टन ऑलिंपियाडमध्येही इंग्लंडचा पहिला पट त्यांच्याकडेच होता. १९३२ आणि १९३३ या दोन्ही वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा त्यांनीच मिळवले. पाच वर्षांत तीनदा! १९३२ मध्ये लंडनच्या स्पर्धेत ते तिसऱ्या स्थानाचे वाटेकरी आणि बर्नच्या स्पर्धेत चौथे आले. त्या काळातील जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंत त्यांची गणना होते.

१९३३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात राहण्याजोगे आहे. सर उमर हयात खान यांच्याच घरातील फातिमा नावाची तरुणी त्या वर्षी ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकून गेली. एकाच भारतीय घरातून पुरुषांचा आणि स्त्रियांचा असे दोन्ही किताब एकाच वर्षी मिळवले गेले. आज मराठी मुली बुद्धिबळात चमकतात, वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी त्यांना वाट करून दिली, हे आपण जाणतो. त्या वाटेच्याही आधी, १९३३ मध्ये, एका भारतीय तरुणीने हे करून दाखवले होते, याची आठवण ठेवली पाहिजे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सारा काळ वैभवाचा दिसतो. आतून मात्र तो तसा नव्हता. विलायतेची थंडी सुलतानखान यांना कधीच मानवली नाही. हिवताप अधूनमधून उलटे. सर्दी आणि घशाचे दुखणे कायमचे मागे लागलेले. अनेकदा गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते खेळायला बसत. इंग्रजी भाषा त्यांना जेमतेम येई. भोवतालच्या गप्पांत, थट्टामस्करीत, डाव संपल्यावरच्या चर्चेत त्यांना भाग घेता येत नसे. आमच्या पोलादपूर तालुक्यातून कामासाठी मुंबईला गेलेली आणि कोणाच्या तरी बिऱ्हाडी राहिलेली माणसे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या छताखाली राहणे म्हणजे काय, कधी बोलावे आणि कधी गप्प बसावे हे सतत ओळखत राहणे म्हणजे काय, ते त्यांना विचारावे. सुलतानखान यांचा मुक्काम कुठे असावा, कोणती स्पर्धा खेळावी, परत केव्हा जावे, हे सारे सर उमर यांच्यावर अवलंबून होते.

आणि तसेच झाले. १९३३ च्या डिसेंबरात सर उमर मायदेशी परतले. त्यांच्याबरोबर सुलतानखानही परतले. वय तिशीचे, खेळ ऐन भरात, नुकतेच तिसरे अजिंक्यपद मिळालेले. त्या वयात इतर खेळाडू जगज्जेतेपदाची स्वप्ने पाहतात. सुलतानखान यांची युरोपातली कारकीर्द तेथेच संपली. मायदेशी आल्यावर त्यांना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले, असे फातिमाबाईंनी पुढे सांगितले आहे. आपण ज्याला बहर म्हणतो, तो त्यांना तुरुंग वाटला असेल, तर यशाविषयीच्या आपल्या कल्पनाच पुन्हा तपासून पाहायला हव्यात.

१९३५ साली त्यांनी व्ही. के. खाडिलकर या मराठी खेळाडूशी सामना खेळला. दहा डावांपैकी नऊ सुलतानखान यांनी जिंकले; खाडिलकरांना एक डाव बरोबरीत सोडवता आला. आपल्या माणसाचा पराभव असला तरी तो एक बरोबरीचा डाव आपण अभिमानाने सांगावा असाच आहे, कारण कापाब्लांकाला धूळ चारणाऱ्या माणसासमोर तो सुटलेला आहे. त्यानंतर सुलतानखान मोठ्या स्पर्धांच्या जगातून कायमचे दूर झाले. १९४४ साली सर उमर वारले. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि मिठा टिवाणा सीमेपलीकडे गेले. सुलतानखान आपल्या गावच्या परिसरात शेती करून राहिले. पाच मुलगे आणि सहा मुली असा मोठा संसार त्यांनी सांभाळला. आपल्या मुलांना मात्र त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही. त्यांनी आयुष्यात याहून अधिक उपयोगाचे काहीतरी करावे, अशी त्यांची इच्छा होती. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.

जगाने त्यांची दखल कशी घेतली तेही पाहण्यासारखे आहे. १९५० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने ग्रँडमास्टर ही पदवी रीतसर द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत सत्तावीस नावे होती. खेळातून निवृत्त झालेल्या वृद्ध खेळाडूंनाही त्यांच्या जुन्या पराक्रमासाठी तो मान मिळाला. सुलतानखान यांच्याकडून हरलेले रुबिन्स्टाइन, टार्टाकोव्हर आणि फ्लोर हे तिघेही त्या यादीत होते. हरवणारा मात्र नव्हता. तेव्हा तो जिवंत होता, पन्नाशीही उलटलेली नव्हती. ही चूक सुधारायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघटनेच्या अध्यक्षांनी पाकिस्तानात जाऊन सुलतानखान यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली. पदवी स्वीकारायला ते स्वतः नव्हते.

आता थोडे त्यांच्याविषयी पसरलेल्या आख्यायिकेबद्दल. पाश्चात्त्य पुस्तकांतून सुलतानखान यांचे एकच चित्र पुनःपुन्हा रंगवले गेले आहे. एका नवाबाचा निरक्षर नोकर, ज्याला बुद्धिबळाचे पुस्तकही वाचता येत नव्हते, तो येतो काय आणि जगातले दिग्गज हरवतो काय! १९३३ साली सर उमर यांच्या घरी मेजवानीला गेलेल्या अमेरिकन खेळाडूंना तेथे सुलतानखान ताटे वाढताना दिसले, अशी एक गोष्ट त्यांच्यापैकी एकाने लिहून ठेवली आणि ती सर्वत्र झाली. २०२० साली सुलतानखान यांच्या कुटुंबीयांनी या चित्राला जाहीरपणे आक्षेप घेतला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुलतानखान जमीनजुमला असलेल्या प्रतिष्ठित धार्मिक घराण्यातले होते, त्यांना लिहिता-वाचता येत होते आणि ते कोणाचे घरगडी नव्हते. मला या दोन बाजूंतली कुटुंबीयांची बाजू अधिक पटते. ज्या समाजात पाहुण्याला घरच्या माणसाने हाताने वाढणे हा आदराचा भाग असतो, तेथे वाढणारा तो नोकरच, असे समजणे हे परक्या नजरेचे काम आहे. आपल्या घरी लग्नकार्यात पंक्तीला वाढणारे काका आणि मामा काय घरगडी असतात?

पण या आख्यायिकेचे खरे नुकसान निराळे आहे. निरक्षर असूनही जिंकला, ही गोष्ट ऐकायला गोड वाटते आणि ती सांगणाऱ्याच्या सोयीचीही असते. आपल्याकडेही शिकणाऱ्या मुलाला पारावर हेच ऐकावे लागते. अमुक एक शाळेत न जाता लखपती झाला, तमुक एकाने पुस्तक न उघडता नाव काढले, तेव्हा तू एवढे शिकून काय करणार, असा त्याचा सूर असतो. सुलतानखान यांचे चरित्र नीट पाहिले तर ते याच्या अगदी उलट सांगते. शिकवणीवाचून ते लंडनच्या पहिल्या स्पर्धेत शेवटी आले. विंटर आणि येट्स यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसले तेव्हा अजिंक्यवीर झाले. मधल्या काळात त्यांची प्रतिभा वाढली नव्हती. वाढले होते ते ज्ञान. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, देशाचा अजिंक्यवीर हा शिक्का कपाळावर असताना, पुन्हा पाटीपुस्तक हाती घ्यायला जो मोठेपणा लागतो, तो त्यांच्यापाशी होता. प्रतिभा ही विहिरीच्या पाण्यासारखी आहे. पाणी जमिनीतच असते हे खरे, पण पोहरा आणि दोर नसेल तर काठावरचा माणूस तहानलेलाच राहतो.

दुसरी गोष्ट आश्रयाची. सर उमर हयात खान नसते तर जगाला सुलतानखान हे नाव कळलेच नसते, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु आश्रय हा आश्रयदात्याच्या सोयीने येतो आणि त्याच्याच सोयीने जातो. आश्रयदाता बोटीत बसला की आश्रिताचीही वळकटी बांधली जाते. आज गावातल्या हुशार मुलाला शिष्यवृत्ती मिळते, वसतिगृहात जागा मिळते, ती कोणाची मेहेरबानी म्हणून मिळत नाही, नियमाने आणि हक्काने मिळते. ती कधी उशिरा येते, कधी अपुरी पडते, तिच्यासाठी खेटे घालावे लागतात, तरीही तिचे मोल मोठे आहे. तिच्यामुळे मुलाच्या आयुष्यातली पुढची चाल मुलाच्या हाती राहते. सुलतानखान यांना तिशीच्या वयात अशी काही वर्षे स्वतःच्या हिमतीवर मिळाली असती, तर ते कुठवर पोहोचले असते, याचा विचार केल्याशिवाय राहवत नाही.

शेवटी त्यांच्या त्या निर्णयाबद्दल. आपल्या मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही, हे वाचून प्रथम वाईट वाटते. एवढी विद्या त्यांच्याबरोबर गेली असे वाटते. पण घरातला पहिला माणूस नेहमीच अशी काहीतरी किंमत मोजत असतो. ज्या वाटेने आपण रक्तबंबाळ पायांनी गेलो, त्या वाटेवर पोरांना पाठवू नये असे वाटणे हे बापाच्या मनाला साजेसेच आहे. शेतात राबणारा आपल्याकडचा बाप मुलाने नांगर धरू नये म्हणून झटतो. सुलतानखान यांनी आपल्या मुलांनी पट मांडू नये असे पाहिले. दोन्ही ठिकाणी माया एकच आहे. फरक एवढाच, की जगाला हेवा वाटावा अशी गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली. यश हातात असताना ते ओंजळीतून खाली सोडणे ही सामान्य माणसाची गोष्ट नव्हे.

आज या खेळात पुढे येणाऱ्या मुलांना प्रशिक्षक मिळतात, संगणक मिळतो, देशोदेशीच्या स्पर्धांना जाण्यासाठी मदत मिळते. कोणता खेळ खेळायचा आणि कधी थांबायचे, हे त्यांचे त्यांना ठरवता येते. सुलतानखान यांच्या वाट्याला यातले जवळजवळ काहीच आले नाही, आणि तरीही प्यादे जसे एकेक घर चालत शेवटच्या रांगेत पोहोचते, तसे ते पोहोचले. देशी बुद्धिबळाचा नियम आपण वर पाहिला. शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याला काय व्हायचे ते स्वतः ठरवता येत नाही, ज्या घरात पोहोचले त्या घराचाच मोहरा व्हावे लागते. सुलतानखान यांच्या आयुष्यालाही बराच काळ हाच नियम लागू होता. तो नियम आपल्या पिढीला लागू राहू नये, म्हणून आपण शिकत आहोत. निदान मी तरी त्याच कारणाने शिकत आहे.